एच-इंडेक्स म्हणजे काय गं, आणि नॉर्मल किती असतो?

दरवर्षी सप्टेंबरच्या आसपास एक बातमी हमखास येते, जिल्हा आवृत्तीत आतल्या पानावर, फोटोसकट: 'जगातील टॉप २ टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत आपल्या महाविद्यालयाचे प्राध्यापक'. मग गेटवर फ्लेक्स, शाल-श्रीफळ, व्हॉट्सॲपवर अंगठ्यांचा पाऊस. सरांचे पेपर किती, साइटेशन किती, एच-इंडेक्स किती, सगळं छापलेलं असतं. सरांनी नक्की काय शोधलं, हे मात्र अख्ख्या बातमीत शोधून सापडत नाही.

यावेळी ती बातमी आमच्या फॅमिली ग्रुपवर आली आणि रात्री भावोजींचा फोन. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, केमिस्ट्रीत पीएचडी करतोय, तिसरं वर्ष. "अगं, ते एच-इंडेक्स म्हणजे काय असतं? बीपीसारखं काही आहे का, नॉर्मल किती असायला पाहिजे? कारण याचा म्हणे दोन आहे." आवाजात अशी काळजी की पोराला काविळीचं निदान झालंय.

मी एमएस्सी केमिस्ट्री करून पुढे लायब्ररीकडे वळले, कॉलेजच्या लायब्ररीत बसते, आणि नॅक (कॉलेजची तपासणी करून ग्रेड देणारी संस्था) जवळ आलं की सगळ्या सरा-मॅडमचे हे आकडे काढून तक्ते भरायचं काम माझ्याच गळ्यात येतं. त्यामुळे हे आकडे मी आतून बघितलेत. भावोजींना फोनवर सांगता सांगता तासभर गेला, तेच इथे लिहून टाकते.

आधी पेपर म्हणजे काय

समजा लॅबमध्ये एखादी रिॲक्शन नेहमी १२० डिग्रीला करावी लागते, आणि एखाद्या पोराने असा कॅटॅलिस्ट बनवला की तीच ६० डिग्रीला होते. (कॅटॅलिस्ट म्हणजे रिॲक्शन सोपी करून देणारा पदार्थ, दुधाला जसं विरजण. विरजण तर शेवटी दह्यातच मिसळतं, हा मात्र काम करून वेगळा निघतो, एवढा फरक.) आता हे त्याने लिहून काढायचं. काय किती ग्रॅम घेतलं, किती वेळ ढवळलं, काय मिळालं, ग्राफ कुठे. ते जर्नलकडे, म्हणजे शास्त्राच्या मासिकाकडे पाठवायचं. संपादक ते त्याच विषयातल्या दोन-तीन लोकांना वाचायला देतात आणि हे वाचणारे कोण ते लिहिणाऱ्याला सहसा कळत नाही. ते लोक चुका काढतात, हा प्रयोग पुन्हा करा, हा ग्राफ पटत नाही, अमुक आधीच झालंय. महिने जातात. पोरं रडकुंडीला येतात. मग छापून आलं की तो झाला एक पेपर.

पेपरवर नावं बरीच असतात. केमिस्ट्रीत साधारण रिवाज असा की पहिलं नाव ज्याने हात काळे केले त्याचं, शेवटचं नाव गाइडचं, आणि ज्याच्या नावावर चांदणी तो पत्रव्यवहार बघणारा, बहुतेकदा गाइडच. मधली नावं म्हणजे कोणी मशीन चालवून दिलं, कोणी गणित करून दिलं, आणि कधीकधी, खरं सांगायचं तर, कोणी फक्त खुर्चीवर होतं म्हणून. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

साइटेशन म्हणजे भाजणी कोणाची ते सांगणं

माझ्या आईच्या वहीत रेसिपीवर नावं असायची. 'चकलीची भाजणी (देशपांडे वहिनी)', 'लिंबाचं गोड लोणचं (माईंचं)'. साइटेशन म्हणजे नेमकं हेच. दुसऱ्या कोणी आपल्या पेपरात लिहायचं की बाबा, ही पद्धत मी अमक्याच्या पेपरातून घेतली, आणि खाली यादीत त्याचं नाव द्यायचं. तुमच्या पेपरचं नाव असं किती जणांनी घेतलं, तेवढी तुमची साइटेशन.

हे मोजायची कल्पना यूजीन गारफिल्ड या अमेरिकन माणसाची. मूळचा केमिस्ट्रीचा पदवीधर. वकील लोक जसं 'अमुक खटल्यातल्या निकालानुसार' असं म्हणतात, आणि कुठल्या निकालाचा पुढे कुठे कुठे आधार घेतला गेला याची पुस्तकं त्यांच्याकडे असतात, तसं शास्त्रात का नको, हे त्याने १९५५ मध्ये मांडलं आणि १९६४ मध्ये पहिली मोठी साइटेशन सूची काढली. त्याचा हेतू लायब्ररीवाल्याचा होता, एका पेपरवरून पुढचा पेपर सापडावा. माणसाला मार्क द्यायला लोकांनी ती नंतर वापरायला सुरुवात केली.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण भावोजींनी लगेच विचारलं, "म्हणजे जास्त साइटेशन म्हणजे जास्त चांगलं काम?" तसं नाही. नाव घेतलं म्हणजे कौतुकच केलं असं नसतं. 'अमक्याचा दावा आम्हाला मिळाला नाही' हेसुद्धा साइटेशनच. आणि बरीचशी साइटेशन्स नुसती प्रस्तावनेत, 'या विषयावर अनेकांनी काम केले आहे' म्हणून एका वाक्याच्या शेपटीला दहा-बारा आकडे चिकटवलेले असतात. मोजणाऱ्या कॉम्प्युटरला सगळी सारखीच.

आता एच-इंडेक्स

नुसते पेपर मोजले तर कचरा लिहिणारा जिंकतो. नुसती साइटेशन मोजली तर एकाच गाजलेल्या पेपरवर आयुष्यभर बसणारा जिंकतो. म्हणून २००५ मध्ये जॉर्ज हिर्श नावाच्या कॅलिफोर्नियातल्या फिजिक्सवाल्याने मधला मार्ग काढला. बघा, असं करायचं.

एका सरांचे दहा पेपर आहेत. ज्याची साइटेशन जास्त तो वर, असे उतरत्या क्रमाने लावले: ६२, ४०, २१, १५, ९, ७, ६, ३, १, ०. आता वरून बोट ठेवत या. पहिल्याला किमान १ आहे का? आहे, ६२. दुसऱ्याला किमान २? ४० आहेत. असं करत सहाव्याला किमान ६? ७ आहेत, चाललं. सातव्याला किमान ७? इथे ६ च आहेत, थांबा. म्हणजे सरांचा एच-इंडेक्स ६. 'निदान ६ पेपर असे की ज्यांना प्रत्येकी निदान ६ साइटेशन आहेत', एवढाच त्याचा अर्थ.

क्रिकेटमध्ये एका मॅचला तीनशे आणि बाकी वेळा भोपळा असा बॅट्समन नको, सातत्य पाहिजे, तसलाच हा विचार. पण यातली गंमत बघा. तो ६२ वाला पेपर उद्या ६२० झाला तरी सरांचा एच-इंडेक्स ६ च राहणार. आणि दुसरं, हा आकडा कधीच कमी होत नाही. सर रिटायर होऊन बागेत गुलाब लावत बसले तरी जुन्या पेपरांच्या जिवावर तो वाढत राहतो, वयासारखा.

गूगल स्कॉलर या पेपर शोधायच्या साइटवर सरांच्या प्रोफाइलमध्ये खाली आय-टेन असा अजून एक आकडा दिसतो, त्यात काही नाही, १० किंवा जास्त साइटेशन असलेले पेपर किती तेवढंच. वरच्या सरांचा तो ४.

बरं, मग नॉर्मल किती?

हिर्शने त्याच्या मूळ लेखात अंदाज दिला होता की अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठात असोसिएट प्रोफेसर व्हायला साधारण १२, पूर्ण प्रोफेसर व्हायला साधारण १८. पण तो फिजिक्सचा. मॅथ्सवाल्यांचे पेपर कमी, साइटेशन त्याहून कमी, तिथे चांगल्या माणसाचा आकडासुद्धा केमिस्ट्रीवाल्यांना किरकोळ वाटेल. मेडिकलवाल्यांचे भरमसाट. केमिस्ट्रीतसुद्धा बॅटरी, सोलर, नॅनो असं काही करणारे लोक जगात लाखोंनी आहेत त्यामुळे तिथे साइटेशन धो-धो, आणि कोकणातल्या एखाद्या वनस्पतीतलं द्रव्य वेगळं करून बसलेल्या मॅडमच्या विषयात जगात मुळात काम करणारेच मोजके, त्यांचं नाव घेणार तरी कोण? पुण्यातल्या जागेच्या भावाची तुलना गडचिरोलीतल्या जागेच्या भावाशी करून चालत नाही तसं हे. वेगवेगळ्या विषयांतले किंवा वेगवेगळ्या वयाचे एच-इंडेक्स शेजारी ठेवायचेच नसतात, हे हिर्शलाही मान्य होतं. पुढे २०२० मध्ये तर त्याने स्वतःच लिहिलं की आपलं हे अपत्य जोरदार फसू शकतं आणि त्याचे वाईट परिणामही होऊ शकतात. अर्थात तोपर्यंत ते जगभरच्या अर्जांच्या फॉर्मवर जाऊन बसलं होतं.

तीन काटे, तीन वजनं, आणि पाटलांचा घोळ

एकाच माणसाचा एच-इंडेक्स गूगल स्कॉलरवर २४, स्कोपसवर १९ आणि वेब ऑफ सायन्सवर १७ असं अगदी सहज असतं. साइटेशन मोजणाऱ्या या तीन वेगवेगळ्या साइट, कोणी खोटं बोलत नाही. गूगल सगळंच मोजतं, थिसिस, कॉन्फरन्सची पुस्तिका, कुठे पीडीएफ पडलेली असेल तीपण. बाकीचे दोघं आपापल्या निवडक जर्नलांपुरतंच बघतात. त्यामुळे बायोडेटावर नुसता आकडा लिहिला असेल तर पहिला प्रश्न: कुठला काटा? लोक अर्थातच सगळ्यात मोठा दाखवणाराच काटा निवडतात, आणि यात मी त्यांना दोष देत नाही.

आपल्याकडे एक खास घोळ आहे तो परदेशी लेखात कोणी सांगत नाही. आडनावाआधी दोन अक्षरं लावायची आपली पद्धत. एस. एस. पाटील, ए. बी. जाधव, एस. आर. कुलकर्णी. आता नुसत्या कोल्हापूर-सांगलीत एस. एस. पाटील किती निघतील सांगा. एकदा आमच्या एका सरांच्या प्रोफाइलला रातोरात दोनशे साइटेशन वाढली. सर खूश, मी संशयात. उघडून बघते तर यादीत केमिस्ट्रीच्या पेपरांच्या मधे ऊस आणि हाडांचं ऑपरेशन! गूगलने तीन पाटील एकत्र करून एक केले होते. सरांनी ते काढायला सांगितलं हे त्यांचं मोठेपण, नाहीतर सगळेच सांगतात असं नाही. आणि बायकांचं लग्नानंतर आडनाव बदललं की उलटं होतं, एका मॅडमच्या दोन मॅडम होतात आणि आकडा अर्धा.

याच्यावर उपाय म्हणून २०१२ पासून ऑर्किड नावाचा १६ अंकी नंबर मिळतो, फुकट, संशोधकाचं आधार कार्डच म्हणा. पीएचडीला लागल्या दिवशी तो काढावा आणि पेपरवर नाव कसं लिहायचं ते एकदा ठरवून आयुष्यभर तसंच लिहावं. भाच्याकडून मी पहिलं हेच करून घेतलं होतं.

इम्पॅक्ट फॅक्टर माणसाचा नसतो

बातमीत कधीकधी असंही असतं की 'सरांचा इम्पॅक्ट फॅक्टर १२.' हे वाचलं की मला पान फाडावंसं वाटतं. इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो. एखाद्या जर्नलने २०२२ आणि २०२३ मध्ये मिळून २०० पेपर छापले आणि २०२४ मध्ये त्यांची नावं ६०० वेळा घेतली गेली, तर २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर ३. सरासरी आहे नुसती. शिवनेरीत बसलेला प्रत्येक जण श्रीमंत आणि लाल डब्यातला प्रत्येक जण गरीब असं आपण म्हणतो का?

ही सरासरी किती फसवी असते त्याचं केमिस्ट्रीतलंच एक भारी उदाहरण आहे. स्फटिकातले अणू कुठे कसे बसलेत हे शोधायला जगभरचे केमिस्ट शेलएक्स नावाचे प्रोग्रॅम वापरतात. ते लिहिले जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या जॉर्ज शेल्ड्रिकने. २००८ मध्ये त्याने या प्रोग्रॅमचा छोटा इतिहास ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए या जर्नलमध्ये लिहिला आणि त्यातच सांगितलं की प्रोग्रॅम वापरला तर या लेखाचा उल्लेख करा. झालं. प्रोग्रॅम तर सगळेच वापरायचे. त्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर एका वर्षात २ वरून जवळजवळ ५० वर गेला, पुढच्या वर्षी ५४, आणि दोन वर्षांची खिडकी सरल्यावर पुन्हा दोनच्या आसपास. त्या दोन वर्षांत त्याच जर्नलमध्ये ज्यांचे साधे पेपर आले त्यांनी बायोडेटावर '५०' लिहिलं असणार. काही खोटं नाही त्यात. आणि काही खरंही नाही.

तरी पण, मोठा आकडा म्हणजे मोठा शास्त्रज्ञ ना?

हा भावोजींचा पुढचा प्रश्न. आता यावर थोडं सावकाश बोलू, कारण इथेच खरी मजा आहे.

जगात सगळ्यात जास्त वेळा नाव घेतलेला पेपर कुठला असेल? आइन्स्टाइन? डीएनए? नाही. १९५१ मधला ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा पेपर, द्रावणात प्रोटीन किती आहे ते मोजायची पद्धत. निळा रंग येतो, जितका गडद तितकं प्रोटीन जास्त. आम्ही एमएस्सीला प्रॅक्टिकलमध्ये केलेलं आठवतं, हात निळे व्हायचे. २०१४ मध्ये मोजलं तेव्हा याची साइटेशन तीन लाखांच्या वर होती, आणि डीएनएच्या रचनेचा तो १९५३ चा जगप्रसिद्ध पेपर पहिल्या शंभरातसुद्धा नव्हता. लाउरी स्वतः म्हणायचा की हा काही माझा थोर पेपर नव्हे. पद्धत सांगणारे पेपर असेच पुढे जातात कारण रोज लागतात. घरात सगळ्यात जास्त वेळा कशाला हात लागतो, तर पोळपाट-लाटण्याला, म्हणून ती घरातली सगळ्यात मौल्यवान वस्तू होत नाही. (माझी आई यावर वाद घालेल.)

उलट बाजूने, जे काम इतकं मुरतं की सगळ्यांचं होऊन जातं, त्याचं नाव घेणंच बंद होतं. आवर्तसारणी वापरताना मेंडेलीव्हच्या १८६९ च्या लेखाचा संदर्भ कोण देतं? साखर घालताना उसाचा शोध कोणी लावला ते आपण लिहीत नाही तसंच.

काही पेपर झोपून राहतात. १९५८ मध्ये हमर्स आणि ऑफमन या दोघांनी ग्रॅफाइटपासून ग्रॅफिटिक ऑक्साइड बनवायची पद्धत लिहिली, जेमतेम पानभर. जवळपास पन्नास वर्षं फारसं कोणी विचारलं नाही. २००४ मध्ये ग्राफीन (ग्रॅफाइटचा एका अणूएवढा पातळ थर) वेगळं करता आलं, त्याला २०१० मध्ये फिजिक्सचं नोबेल मिळालं, आणि ग्राफीन बनवायला सोपा रस्ता म्हणून सगळे या पानाकडे धावले. आज नॅनोवाल्या कुठल्याही लॅबमध्ये जा, 'हमर्स मेथड' हा शब्द कानावर पडणारच. त्या दोघांना पन्नास वर्षांच्या आत एच-इंडेक्स लावून तपासलं असतं तर काय दिसलं असतं?

आणि कोइची तनाका. जपानच्या क्योटोतल्या शिमाद्झू कंपनीत इंजिनिअर, पीएचडी नाही, साधी बॅचलर डिग्री, तीसुद्धा इलेक्ट्रिकलची. प्रोटीनसारख्या मोठ्या रेणूंचं वजन मशीनवर मोजायचं तर लेझर मारला की ते फुटायचे. प्रयोग करताना त्याने कोबाल्टच्या बारीक भुकटीत चुकून ग्लिसरीन मिसळलं, फेकून द्यायला जिवावर आलं म्हणून तेच वापरून बघितलं, आणि रेणू न फुटता उडाले. २००२ मध्ये केमिस्ट्रीचं नोबेल. पेपर मोजकेच. आपल्याकडच्या कुठल्याही सिलेक्शन कमिटीने त्याला मुलाखतीलाही बोलावलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

केमिस्ट्रीचं दोनदा नोबेल मिळालेल्या फ्रेडरिक सँगरचंही (१९५८ आणि १९८०) तसंच, वर्षानुवर्षं शांतपणे काम, पेपर थोडे. तो गेल्यावर सिडनी ब्रेनर या शास्त्रज्ञाने लिहिलं होतं की आजच्या पद्धतीत सँगर टिकलाच नसता.

आणि जे मुळात पेपरात उतरतच नाही त्याचं काय? मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद हे केंब्रिजचे केमिस्ट्रीतले पीएचडी. २००१ मध्ये त्यांच्या कंपनीने एड्सच्या तीन औषधांचा डोस माणशी वर्षाला ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली, जेव्हा मोठ्या कंपन्यांचा खर्च दहा हजारांच्या वर होता. आफ्रिकेत किती लोक त्यामुळे जगले असतील. हे कुठल्या एच-इंडेक्समध्ये मोजायचं?

मग सी. एन. आर. राव?

हा प्रश्न येतोच, कारण २०१४ मध्ये भारतरत्न मिळालेले केमिस्ट राव म्हटलं की पहिली ओळ असते 'दीड हजारांहून जास्त पेपर'. लोक एकतर डोळे विस्फारतात नाहीतर नाक मुरडतात, एका माणसाला हे शक्य आहे का म्हणून.

गणित करून बघा. जन्म १९३४ चा, पहिले पेपर विशीच्या आसपास, म्हणजे सत्तर वर्षांच्या जवळपासची कारकीर्द. १५०० भागिले ६५ धरलं तर वर्षाला २३, महिन्याला दोन. एकट्याने अशक्य. पण आयआयटी कानपूर, बंगळूरचं आयआयएससी, मग १९८९ मध्ये स्वतः उभं केलेलं जवाहरलाल नेहरू सेंटर, सगळीकडे पोरांची मोठी फौज, आणि प्रत्येक पेपरवर गाइड म्हणून नाव. वाड्यातल्या मोठ्या बाईंच्या हाताखाली दहा जणी स्वयंपाक करतात आणि लोक म्हणतात बाईंच्या हातची आमटी, यात खोटं काही नाही पण 'हात' या शब्दाचा अर्थ जरा पसरट झालेला असतो. त्यामुळे रावांसारख्यांच्या बाबतीत १५०० आणि २००० यात काही फरक नाही. सॉलिड स्टेट केमिस्ट्री (घन पदार्थांची केमिस्ट्री) भारतात कोणी रुजवली, लॅब कोणी उभ्या केल्या, विद्यार्थी आज कुठे आहेत, ते बघायचं. ते बघितलं की त्यांचं मोठेपण आकड्याशिवायही उरतंच.

आकडा फुगवता येतो का?

येतो. आणि हीच आज खरी डोकेदुखी आहे.

साधा प्रकार म्हणजे स्वतःच स्वतःचं नाव घ्यायचं. थोडंफार ते बरोबरच असतं, मागच्या कामावर पुढचं काम उभं असतं. पण यादीत पन्नासपैकी तीस संदर्भ आपलेच असतील तर काहीतरी शिजतंय. मग 'तू माझं घे, मी तुझं घेतो', आहेरासारखं, चार-पाच जणांची टोळी. मग पेपर लिहून विकणारे कारखाने, त्यात नावाची जागा विकत मिळते, पहिल्या नंबरला जास्त रेट.

२०२३ मध्ये स्पेनमधल्या एका केमिस्टची बातमी जगभर गाजली. कॉर्डोबा विद्यापीठात पूर्णवेळ नोकरी, पण पेपरवर सौदी आणि रशियातल्या विद्यापीठांचीही नावं. विद्यापीठाने त्याला १३ वर्षं बिनपगारी निलंबित केलं. जगातल्या सर्वाधिक साइटेशनवाल्यांपैकी एक माणूस, आणि त्या वर्षी त्याचा वेग साधारण दर ३७ तासांना एक पेपर! सौदी विद्यापीठांना असे लोक कशाला हवे असतात, तर जागतिक रँकिंगमध्ये 'हायली साइटेड' माणसं मोजतात म्हणून. ती हायली साइटेडची यादी काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीला त्याच वर्षी हजारांवर नावं गैरप्रकारांच्या संशयामुळे गाळावी लागली.

आपण तरी कुठे मागे आहोत? प्राध्यापकांच्या प्रमोशनला पेपरचे पॉइंट लागले आणि पीएचडीचा थिसिस द्यायला पेपर सक्तीचा झाला, तशी 'दोन हजार भरा, आठवड्यात छापतो' वाली लुटारू जर्नलं गल्लोगल्ली उगवली. यूजीसीने मान्य जर्नलांची यादी केली तर त्यातच ती घुसली. २०१८ मध्ये पुण्याच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी त्या यादीतली विद्यापीठांनी सुचवलेली हजारेक जर्नलं तपासली तर ८८ टक्के टाकाऊ निघाली. त्याच वर्षी यूजीसीने ४,३०५ जर्नलं यादीतून उडवली, २०१९ मध्ये नवी 'केअर' यादी आली, तिचं कामही पुण्यातूनच चालायचं, आणि २०२५ मध्ये तीही बंद करून निवडीची जबाबदारी कॉलेज-विद्यापीठांवर टाकली. पीएचडीसाठी पेपरची सक्ती मात्र २०२२ च्या नियमांनी काढून टाकली, ते एक बरं झालं.

(एक खुलासा: पैसे घेतात म्हणजे जर्नल लुटारूच असं नाही. कोणालाही फुकट वाचता यावं म्हणून लेखकाकडून खर्च घेणारी चांगली जर्नलंही आहेत. फरक हा की पेपर कोणी खरंच वाचून चुका काढतं का. आठवड्यात 'अभिनंदन, स्वीकारला' आलं तर समजून जा.)

म्हणजे ती टॉप २ टक्के यादी खोटी?

खोटी नाही. स्टॅनफर्डमधल्या जॉन इओनिडिस आणि सहकाऱ्यांनी स्कोपसचे आकडे घेऊन केलेला तो हिशोब आहे. निदान ५ पेपर असलेल्या सगळ्यांना धरायचं, त्यांच्या उपविषयातच तुलना करायची, आणि नुसती साइटेशन न बघता एकट्याने लिहिलं का, पहिलं नाव होतं का, शेवटचं होतं का हेही जमेला धरायचं. एच-इंडेक्सपेक्षा कितीतरी डोकं लावलेलं काम आहे.

पण स्टॅनफर्डने कोणाला पुरस्कार दिला असा त्याचा अर्थ नाही. आणि याद्या दोन असतात, एक आख्ख्या कारकिर्दीची, एक फक्त त्या एका वर्षातल्या साइटेशनची. फ्लेक्सवर कुठली ते लिहिलेलं मी अजून बघितलेलं नाही. ती एक्सेल शीट कोणालाही उतरवता येते. त्यात स्वतःच स्वतःची घेतलेली साइटेशन किती टक्के, याचा वेगळा रकाना आहे. पुढच्या वेळी फ्लेक्स दिसला की तो रकाना बघा, करमणूक होते.

मग आकडे टाकूनच द्यायचे का?

असं म्हणणारे लोक आहेत. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमून शास्त्रज्ञांनी एक जाहीरनामा केला, डोरा म्हणतात त्याला, की जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाची किंमत करू नका, त्याचं काम वाचा. हजारो संस्थांनी सह्या केल्या.

माझं मत जरा कडवट आहे. एका जागेला दोनशे अर्ज येतात, मुलाखतीला बसलेल्या तिघांपैकी दोघांचा विषय वेगळा असतो, कोण कोणाचे पेपर वाचणार? आणि आकडा नसेल तर काय उरतं? ओळख, वशिला, 'आपला माणूस'. छोट्या गावातल्या, कोणाच्या ओळखी नसलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे दाखवायला निदान एक आकडा तरी असतो जो कोणा साहेबाच्या मर्जीवर नाही. त्यामुळे आकडा हवा. पण ताप बघायला थर्मामीटर लावतात तसा, त्याच्यावरून माणूस कसा आहे ते ठरवत नाहीत.

आणि आमच्या भाच्याचं काय

तर दोन. त्याचे पेपर तीन, साइटेशन अनुक्रमे ११, २ आणि ०. म्हणजे एच-इंडेक्स २. तिसऱ्या वर्षाला यात काळजीसारखं काही नाही, शून्य असता तरी नव्हतं, कारण पेपर छापून यायला एक वर्ष, तो कोणी वाचून स्वतःचा लिहायला अजून एक-दोन.

फोनवर बोलता बोलताच मी लॅपटॉपवर त्याच्या त्या ११ वाल्या पेपरखाली क्लिक केलं. 'साइटेड बाय' असं लिहिलेलं असतं ना, तिथे क्लिक केलं की नाव घेणारे पेपर एकाखाली एक दिसतात. भावोजींना वाचून दाखवत गेले. त्यातली चार त्याच्याच लॅबची. पाच प्रस्तावनेतली, त्या शेपटीवाल्या आकड्यांत. एक तर बहुतेक न वाचताच टाकलेलं, विषयाशी संबंधच नाही. अकरावा पेपर कोरियातल्या एका लॅबचा होता. त्यात प्रयोगाच्या भागात, जिथे ग्रॅम आणि मिनिटं लिहितात तिथे, एक छोटं वाक्य होतं: कॅटॅलिस्ट संदर्भ १४ मधल्या पद्धतीने तयार केला.

भावोजी म्हणाले, "म्हणजे?"

म्हटलं, म्हणजे कोरियात कोणीतरी तराजूवर पावडर मोजली, तुमच्या पोराने लिहिलं होतं तेवढीच, तेवढाच वेळ ढवळली, आणि ते झालं. तो १४ म्हणजे आपला पिंट्या.